आडवी दांडी आणि एकशे ब्याऐंशी पौंड संत्री

लिंडसे, कॅलिफोर्निया
१४ मे

तीर्थरूप एव्हारिस्तो मामांच्या पायांशी,

कासिमिरोचा नमस्कार. (ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला धक्का नको म्हणून फक्त डाव्या पायाला केला आहे असं समजावं.) इथे आम्ही सगळे बरे आहोत. तुमची खुशाली तुमच्या लेकीकडून, इमेल्डाकडून कळत असते. ती म्हणाली की तुम्ही आता काठीशिवाय टपालपेटीपर्यंत जाता आणि तिथे पोस्टमनशी भांडता. ऐकून समाधान वाटलं, कारण माणूस भांडायला लागला म्हणजे गुडघा सुधारला असं समजायला हरकत नाही. ओमाहाच्या मिरच्यांना तिखटपणा नाही अशी तुमची तक्रारही तिनं सांगितली. माझ्या बायकोनं, ग्रिसेल्डानं वाळवलेल्या मिरच्यांची पुडी सोबत पाठवली आहे, ती जावयाच्या हाती लागू देऊ नका. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही, आणि आलंच तर तुम्ही मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देता. पत्राला निदान मध्येच तोडता येत नाही.

तर मुख्य बातमी अशी, की गाडी तयार झाली. सात जूनला मोरो बेला आपल्या बुटक्या गाड्यांच्या क्लबची सहल आहे, आणि एकशे वीस मैल ती आपल्या चाकांवर जाणार आहे. शेंडी तुटो वा पारंबी तुटो, या वर्षी मी तिला दुसऱ्याच्या ट्रेलरवर चढू देणार नाही. क्लबच्या नावाची आपली पाटी अजून मारिक्रुझ ताफोयाकडेच आहे. क्लबच्या या अध्यक्षीणबाईंनी ती आपल्या दातांच्या दवाखान्यातल्या कपाटात कवळ्यांच्या शेजारी ठेवली आहे. मध्ये मी दाढ दाखवायला गेलो होतो (दाढ दुखत नव्हती), तेव्हा तिनं कपाट उघडून मला पाटी दाखवली आणि पुन्हा बंद केलं. तुम्ही अठ्ठ्याऐंशी साली परसात वाळूचे साचे करून ओतलेल्या सात पाट्यांतली ती पहिली, मागच्या काचेत पस्तीस वर्षं लटकलेली, आणि ती आता सगळ्या गावाच्या दातांकडे बघत बसली आहे. हे मला सहन होत नाही. बाई म्हणाल्या, नियम तुझ्याच मामांनी केलाय: गाडी आपल्या चाकांवर आली तर पाटी, नाहीतर नाही.

मागच्या वर्षी काय झालं ते तुम्हांला ठाऊक आहे, शेजारच्या सीटवर तुम्हीच होता. पण तुम्ही त्यावर आजवर चकार शब्द काढलेला नाही, तेव्हा माझी बाजू मीच मांडतो. मागच्या स्प्रिंगचे पाटे काढून मी चार दांड्या बसवल्या, अॅक्सलला दोन वर आणि दोन खाली, आणि स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नव्हती. तुम्ही म्हणाला होता की वेल्डिंगचे टाके मारताना गाडी चालायच्या उंचीवर उभी कर. मी काय केलं, सगळी हवा सोडली, गाडी जमिनीला टेकवली आणि तशीच ठेवून टाके मारले. आता तुम्हीच सांगा, आपल्या लोकांना गाडी डोळ्यांसमोर येते ती कशी येते? धावताना येते का? मैदानात हवा सोडल्यावर सुस्कारा टाकून पोटावर बसलेली येते. लग्नाच्या फोटोतही आमची गाडी बसलेलीच आहे. त्यामुळे बसलेल्या गाडीत माझं सगळं माप सुतासारखं सरळ होतं. फक्त ती उठली की बिघडत होतं. वरच्या दांड्या खालच्यांपेक्षा आखूड असल्यामुळे गाडी उचलली की डिफरन्शियलचं नाक आभाळाकडे वळायचं, आणि इंजिनाची ओढ मागच्या चाकांना पोचवणारा शाफ्ट बिचारा वाकड्या मानेनं फिरायचा. केटलमनच्या अलीकडे, बदामांच्या बागांपाशी, तो फिरायचा थांबला. थांबला म्हणजे रस्त्यावर पडला आणि आपल्याला मागे टाकून पुढे गेला.

तुम्ही खाली उतरलात, वाकून गाडीखाली पाहिलंत, हॅट नीट केलीत आणि उभे राहिलात. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मामा. नंतर त्या टोइंगवाल्याच्या केबिनमध्ये आपण तिघं बसलो, तो सबंध रस्ताभर त्याच्या घटस्फोटाची हकीकत सांगत होता, आणि तुम्ही त्याला (ऐकू येत नसताना) सहानुभूती दाखवत होता. माझ्याशी मात्र नाही. मैदानावर ट्रेलरवरून उतरलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या कसल्या होत्या ते मला कळलं. पुढच्याच आठवड्यात तुम्ही गुडघ्यासाठी म्हणून ओमाहाला गेलात. गुडघे इथल्या डॉक्टरांनाही कापता येतात, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

जानेवारीत मी जुन्या दांड्या धरणारे सगळे लोखंडी कान ग्राइंडरनं कापून टाकले. ग्रिसेल्डा म्हणाली, एक वर्ष घालवून केलेलं एका दुपारी तोडलंस, आता हात धू आणि जेव. नव्या दांड्या वरच्या-खालच्या सारख्याच लांबीच्या केल्या, आणि गाडी लोखंडी घोड्यांवर चालायच्या उंचीला उभी केली, चासी जमिनीपासून बरोबर पाच इंच. (हे तुमचं म्हणणं ऐकून नव्हे. माझं मलाच सुचलं.) पण चालायची उंची म्हणजे गाडीत माणसं बसलेली असताना असते ती. ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाची सिमेंटची पोती ठेवली. शेजारच्या सीटसाठी मला एकशे ब्याऐंशी पौंड हवे होते. हा आकडा कुठून आला ते विचारू नका, सर्वसाधारण माणसाचं वजन धरलं. सिमेंट संपलं होतं म्हणून मेहुण्याला, तोरिबिओला, बोलावलं.

तोरिबिओला तुम्ही ओळखता. त्याला बसायचं काम दिलं की तो ते मनापासून करतो. पण तो मुळातच तेरा पौंडांनी जास्त भरला. मी म्हटलं, बूट काढ. बूट काढले, तर पायांचा वास असा, की मी गाडीखाली आणि तो वर असूनही मलाच बाहेर यावं लागलं. मग तो खिडकीला टेकून झोपला, त्यामुळे सगळं वजन उजवीकडे गेलं आणि माझी मापं पाव इंचानं हलली. जागा केला तर भूक लागली म्हणाला. बहिणीनं भावासाठी बीन्स घातलेले चार बरीटो पाठवले आणि तो गाडीतल्या गाडीत आणखी जड होत गेला. शेवटी त्याला घरी पाठवला आणि पॅकिंगहाउसमधून डाग पडलेली संत्री आणली. ती माणसापेक्षा बरी, झोपत नाहीत आणि जेवत नाहीत. ग्रिसेल्डाचा न्हाणीघरातला काटा घेऊन एकशे ब्याऐंशी पौंड मोजली, पोत्यांत भरली आणि सीटवर पट्टा लावून बसवली. काटा नारिंगी झाला, त्यावर इथे दोन दिवस बोलणं झालं, ते लिहीत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, आणि इथे दोष तुमच्याकडे येतो, तेव्हा पुढचं बसून वाचा. गिअरबॉक्सचा कोन मी गाडी गॅरेजात नाक आत करून उभी असताना मोजला. नंतर वेल्डिंगची वायर पोचेना, म्हणून गाडी फिरवली, शेपूट आत आणि नाक दाराकडे केलं, पुन्हा पाच इंचांवर उभी केली, आणि डिफरन्शियलचा कोन गिअरबॉक्सच्या त्या आधी मोजलेल्या कोनाशी जुळवून पक्के टाके मारले. कोन अगदी केसाइतकासुद्धा इकडे-तिकडे नव्हता. रस्त्यावर नेली, तर पंचेचाळीस मैलांच्या वर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आरसा थरथरायला लागला, आणि आरशात मागून येणारा एक ट्रक मला चार ट्रक दिसायला लागला. तीन आठवडे मी कारण शोधत होतो. शाफ्ट बदलला, बुश बदलले, गिअरबॉक्सखालचं रबर बदललं. तुम्ही इथे असता तर म्हणाला असता, नाचता येईना अंगण वाकडं.

पण अंगण खरंच वाकडं होतं, मामा. एका रविवारी पोतं उसवलं आणि एक संत्रं गाडीतून खाली पडलं. पडलं ते थांबलंच नाही. सावकाश, कुणी बोलावल्यासारखं, दारापर्यंत गेलं आणि बाहेरच्या गटारात उतरलं. मी दुसरं ठेवलं. तेही गेलं. सात संत्री सोडली तेव्हा ग्रिसेल्डा दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, गोट्या खेळायचं तुझं वय गेलं. तुम्हांला आठवतंय का, ते गॅरेज तुम्ही मामींच्या कपडे धुण्यासाठी बांधलं होतं, आणि पाणी बाहेर जावं म्हणून फरशीला उतार दिला होता. पूर्ण दोन अंशांचा. एक कोन नाक आत असताना मोजला, दुसरा नाक बाहेर असताना. एकात उतार मिळवला गेला, दुसऱ्यात वजा झाला, दोन आणि दोन चार. म्हणजे तीन आठवडे मी जी चूक शोधत होतो तिच्यावर मी उताणा झोपलो होतो. उतार मात्र सुरेख आहे, पाण्याचा थेंब उभा राहत नाही, हेही प्रामाणिकपणानं लिहितो.

टाके पुन्हा तोडले. या वेळी दोन्ही कोन एकाच दिवशी, एकाच जागी, गाडीला हात न लावता मोजले, आणि मोजेपर्यंत घरात कुणाला दार आपटू दिलं नाही. शाफ्ट गुपचूप फिरायला लागला. साठ मैलांवर आरसा स्थिर आणि ट्रक एकच. मला वाटलं झालं. आनंदात पॅकिंगहाउसच्या वळणावर जरा वेगात वळलो, तर गाडीची पुढची बाजू वळली आणि मागची सरळच निघाली. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती बदकासारखी शेपूट हलवत मागून आली. उजवा टायर पत्र्याला घासला, जळक्या रबराचा वास सुटला, आणि पॅकिंगहाउसच्या सगळ्या बायका सिगारेटी हातात धरून बघत राहिल्या. त्यांतली एक ओरडून म्हणाली, तुझी गाडी पिऊन आलीय की तू?

तुमचे शब्द मला आठवले. मागच्या वर्षी तुम्ही टोचून म्हणाला होता, "चार दांड्या अॅक्सलला पुढे-मागे धरतात. आडवं कोण धरणार, तुझी सासू?" मी तेव्हा आडवी दांडी टाकली नाही, कारण ती मागून दिसते, आणि मागून काही लटकताना दिसलं तर आमच्यात हसतात. हेही कबूल करतो की ती कल्पना तुमची होती म्हणूनही टाकली नाही. हात दाखवून अवलक्षण केलं. आता टाकली आहे. एक टोक चासीला, दुसरं अॅक्सलला, जमेल तेवढी लांब, आणि चालायच्या उंचीवर जमिनीला समांतर. ही दांडी मी माझ्या हातांनी बसवली आहे आणि मला तिचा अभिमान आहे. मागून ती दिसते. दिसू दे.

गेल्या शनिवारी शेवटची परीक्षा घेतली. मी आणि संत्री, केटलमनपर्यंत जाऊन परत. जिथे शाफ्ट पडला होता तिथे मुद्दाम वेग कमी केला नाही. खरं सांगायचं तर मी रेडिओ बंद केला होता. काही झालं नाही. बदामांच्या बागा आल्या तशा गेल्या. परत येताना महामार्गाच्या पोलिसानं मात्र थांबवलं, कारण एवढी खाली बसलेली गाडी दिसली की त्यांना ती थांबवावीशी वाटतेच. त्यानं वाकून चारही चाकांखालून पाहिलं, आडव्या दांडीला बोट लावून पाहिलं, आणि मग खिडकीतून आत डोकावून शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसलेल्या पोत्यांकडे बराच वेळ बघत राहिला. हे काय म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यानं काहीही न लिहिता मला सोडलं.

तर एकंदरीत सगळं ठीक आहे, आणि हे सगळं मी एकट्यानं, कुणाच्या मदतीशिवाय, कुणाच्या सल्ल्याशिवाय केलं आहे, एवढंच तुम्हांला कळावं म्हणून हे पत्र. बाकी काही मागणं नाही. गुडघ्याला शेक देत जा. पोस्टमनला सांभाळून घ्या.

तुमचा आडमुठा भाचा,
कासिमिरो

ता.क. – पत्र पाकिटात घालायच्या आधी ग्रिसेल्डानं वाचलं. ती म्हणाली, ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार आहेस? म्हणून चार ओळी लिहितो.

ता.क. दुसरं – आडवी दांडी बसवली मी, पण केली मी नाही. दांडीसाठी लोखंडी नळी शोधत होतो, तर पाण्याच्या बंबामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली सापडली. वर्तमानपत्र मागच्या वर्षीच्या जूनमधलं, सहलीनंतरच्या सोमवारचं. दोन्ही टोकांना आटे पाडलेले, बुश घातलेले, लांबी दोऱ्याचाही फरक नाही इतकी बरोबर, आणि वर तुमच्या खडूनं लिहिलेलं, "लागेल तेव्हा." म्हणजे तुम्ही न बोलता निघून गेलात त्याआधी हे करून ठेवलंत. मी तासभर त्या बंबाशेजारी बसून होतो. एकट्यानं केलं असं वर लिहिलं आहे, ते खोडत नाही, कारण शाई चांगली आहे. पण ते खोटं आहे.

ता.क. तिसरं – एकशे ब्याऐंशी पौंड हे सर्वसाधारण माणसाचं वजन नाही. तुम्ही ओमाहाला जायच्या आधीच्या नाताळात ग्रिसेल्डाच्या काट्यावर उभे राहिला होता, हॅट आणि बुटांसकट, तेव्हाचं आहे. गाडीची उंची, चारही दांड्या, आडवी दांडी, सगळं त्या वजनावर लावलं आहे. पोलिसानं हे काय म्हणून विचारलं तेव्हा मी सांगितलं, "मामा आहेत." तुमची जुनी हॅट पोत्यावर ठेवली होती, त्यामुळे त्याला पटलं असावं. आता संत्री सडायला लागली आहेत आणि गाडीत माश्या झाल्या आहेत. ओमाहाची बस गुरुवारी पाच जूनला फ्रेस्नोला पोचते. मी गाडी घेऊन उभा राहीन. ऑपरेशननंतर वजन घटलं असेल तर तसं कळवा, हॅट जरा जड घेऊ.

ता.क. चौथं – "जुनीच दोन माणसं बसून आली तरच पाटी मिळेल" अशी अट मारिक्रुझनं घातली आहे, असं मी लिहिणार होतो. तिनं तसं काही म्हटलेलं नाही. मी एकटा गेलो तरी ती पाटी देईल.

ता.क. शेवटचं – मागच्या दोन्ही फुग्यांना मी हवेची एकच नळी टाकली आहे, म्हणून शेजारची सीट रिकामी असली की गाडी माझ्या बाजूला कलते. दोन वेगळ्या नळ्या टाक, मग एकट्यानंही सरळ चालेल, असं तुम्ही हे वाचता वाचता म्हणालाच असाल. मला माहीत आहे, मामा. नळी आणून खिळ्याला लावून ठेवली आहे, दहा मिनिटांचं काम आहे. टाकणार नाही.